पीएफला हात न लावणारा चोर

१

अर्ज करुणाच्या नावाने होता. त्याला जोडलेला आधार नंबर करुणाचा होता आणि पैसे जाणार होते तेही करुणाच्याच बँक खात्यात. अडचण एवढीच होती, की अर्ज करुणाने केलेला नव्हता.

“मी नाही केला वं,” करुणा सोमकुवर पुन्हा म्हणाली.

दामिनी कळंबेने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. खरं सांगायचं तर तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि मैत्रिणीचं तोंड पाहून तिला त्याची लाजही वाटत होती. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या कोर्टासमोर खोली घेऊन बसल्यापासून तिच्या वाट्याला आल्या होत्या त्या फक्त बांधाच्या भांडणाच्या तारखा. पक्षकार यायचे, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि पुढची तारीख घेऊन एकाच बसने घरी जायचे. आपल्यात एक पट्टीचा गुप्तहेर दडलेला आहे याबद्दल दामिनीला तिळमात्र शंका नव्हती. फक्त तसा गुन्हा तिच्या दारापर्यंत कधी आला नव्हता. आज तो शाळेपासूनच्या मैत्रिणीचा हात धरून आला होता.

करुणा आली होती साधा सल्ला विचारायला. बोरगावच्या एका धाग्याच्या कारखान्यात तिने आठ वर्षं काम केलं होतं, मशीनवर लागली आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडली. दोन-अडीच महिने घरी काढल्यावर आता नागपूरच्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. प्रश्न होता जुन्या पेन्शनचा. काढून घ्यायची, की राहू देऊन नव्या नोकरीला जोडायची?

“जोडायची,” दामिनीने क्षणात सांगितलं होतं. “आठ वर्षं भरली तुयी. तिकडं आणखी दोन झाली की दहा होते. मंग म्हातारपणी जलमभर दर महिन्याले पेन्शन. आत्ता काढली तर आठ वर्षं पाण्यात, आन पुन्हा एकपासून मोजत बस.”

“मंग जोडतो,” करुणा म्हणाली होती. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी राहायला आली, तेव्हापासून तिने एकच गोष्ट मनाशी धरली होती. “मले म्हातारपणी कोणाच्या ताटाकडं पाहायचं नाही, दामिनी. लहान असो का मोठी, पण भाकर मायी पायजे.”

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग कारखान्याने नोकरी सोडल्याची तारीख टाकली की नाही ते पाहायला दोघींनी पीएफची साइट उघडली, आणि पेन्शनचे पैसे काढण्याचा अर्ज तिथे आधीच दाखल झालेला दिसला. रविवारी दुपारी.

“पीएफ तर तसाच दिसून राहिला,” करुणा पडद्याकडे बघत म्हणाली.

“पीएफ मरू दे. ओटीपी कोणाले देला तू?”

“कोणालेच नाही. मेसेजच नाही आला मले.”

दामिनीने तिचा फोन हातात घेऊन वरखाली चाळला. शनिवारचे मेसेज होते, सोमवारचे होते. रविवारचा एकही नव्हता, गॅसवाल्याचासुद्धा नाही. कोणीतरी ते सफाईने पुसून टाकले होते.

“रविवारी फोन कुठं होता तुया?”

करुणाने आधी पदराने कपाळ टिपलं.

“सागरच्या दुकानात,” ती म्हणाली. “माया भावाच्या.”

२

दामिनीने आधी पीएफच्या ऑफिसात फोन लावला. बऱ्याच घंट्या वाजल्यावर एका साहेबाने तो उचलला. अर्ज शेवटच्या टेबलावर आहे, तो म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत मंजूर होईल. थांबवायचा असेल तर अर्जदाराने तसं लिहून पाठवावं, आणि हा अर्ज कोणी केला तेही सांगावं. माहीत नसेल तर पोलिसांत तक्रार होईल, खातं गोठवलं जाईल आणि चौकशी संपेपर्यंत काहीच हलणार नाही. चौकशी कधी संपेल? त्यावर साहेब नुसताच हसला.

“म्हणजे उद्या संध्याकाळच्या आत चोर पायजे,” दामिनी स्कूटीची किल्ली उचलत म्हणाली. तिचे डोळे असे चमकत होते, की पक्षकाराने पाहिले असते तर फी वाढणार म्हणून घाबरला असता.

पांढुर्ण्याच्या बाजारात सागरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. करुणाला रसवंतीवर बसवून दामिनी एकटीच आत शिरली. सागर डोळ्याला भिंग लावून एका उघड्या फोनवर वाकला होता. गल्ल्यावर त्याची बायको प्राजक्ता होती. दामिनीने आधी गरज नसलेली काच विकत घेतली, मग गरज नसलेलं कव्हर. प्राजक्ताचं तोंड उघडायला तेवढं पुरे झालं.

“बाजूचा गाळा खाली झाला, ताई. घ्यावं म्हणते मी. पण पैसा पायजे ना! आन हे पाहा, हा माणूस नागपूरले जात नाही. अख्खं पांढुर्णा नागपूरले जाते, लग्नाचा बस्ता असो का दाढदुखी. आन हा मोबाइलवाला असून पार्ट कुरिअरनं मागवते. महाग पडते ना ते! नागपूरचं नाव काढलं की याच्या कपाळाले आठी.”

“प्राजक्ता, हिशोब पाह्य,” सागर वर न बघता म्हणाला.

दामिनीने सरळ त्याच्यासमोर स्टूल ओढलं. “सागर, रविवारी करुणाच्या फोनले कोणी हात लावला?”

भिंग खाली आलं. “चार्जिंगची पिन गेल्ती. मी बसवली. काहून?”

“तिच्या नावानं पेन्शन काढाचा अर्ज गेला. याच फोनवरच्या ओटीपीनं.”

प्राजक्ताच्या हातातली चिल्लर काउंटरवर सांडली. सागर मात्र हलला नाही.

“दुकानात किती लोकं येते, दामिनीताई. बोरगावचे गजूभाऊ होते ना, ताईच्या जुन्या ऑफिसातले. दुपारभर बसून होते. मी जेवाले गेल्तो तं दुकानात तेच होते, एकटे. फोन टेबलावर होता.”

“आन तुले पैशाची गरज आहे. गाळा घ्याचा आहे.”

सागर उठून उभा राहिला. “ताईच्या पैशाले मी हात लावला नाही. लावणार बी नाही. तुमी वकील असान, पण हे लिहून घ्या.” मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “एवढंच म्हणतो मी, तिकडं जाऊन राहिली तं इकडचं इकडंच निपटवून जाव माणसानं.”

दामिनी बाहेर आली ती जवळजवळ उड्या मारतच. करुणाच्या हातातला रसाचा पेला तसाच भरलेला होता.

“सापडला,” दामिनी तिच्या कानाशी लागून म्हणाली. “वाईट वाटून घेऊ नको. तुया भाऊच आहे.”

३

दामिनीने एकेक बोट दुमडत मुद्दे मांडले. फोन त्याच्या ताब्यात होता. पासवर्ड त्यानेच बनवून दिलेला. आई-बाबांचा, करुणाचा, साऱ्या मोहल्ल्याचा पासवर्ड त्याला पाठ. गाळ्याला पैसा पाहिजे. पैसे बहिणीच्या खात्यात आले की पाया पडून मागून घ्यायचे, बहीण काय नाही म्हणणार आहे थोडीच.

करुणाने सगळं ऐकून घेतलं. डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. आठ वर्षं मशीनमागे तुटलेला धागा शोधण्यात गेलेली बाई ती. कुठे तुटलं ते बघितल्याशिवाय तिला पुढे जाताच यायचं नाही.

“मंग पीएफ काहून सोडला?” तिने विचारलं.

“काय?”

“पीएफ माया कितीतरी जास्त आहे. पेन्शनचे पैसे त्याच्यापुढं काहीच नाही. गाळ्यासाठी चोरी करणारा माणूस मोठा डबा सोडून लहान डबा उचलन का, दामिनी? तेही दोनी डबे एकाच फळीवर असून?”

पडद्यावर दामिनीनेही ते पाहिलं होतं, करुणाने बोट लावून दाखवलं होतं, आणि तिने म्हटलं होतं, पीएफ मरू दे! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मारून घेतलीही, हळूच, हेल्मेट घालताना.

“मंग सागर नाही,” ती म्हणाली.

करुणाने इतका मोठा श्वास सोडला, की रसवंतीवाल्याने वळून पाहिलं. त्या श्वासाबरोबर दामिनीचा हुरूप पुन्हा वर आला. सागर नाही, तर मग दुपारभर तिथे कोण बसलं होतं? बोरगावचा गजेंद्र, म्हणजे गजूभाऊ. कामगारांचे पीएफचे पैसे काढून देण्याचं कमिशन खाणारा. आधी थोडे काढून बघायचे, पचलं तर मोठ्याला हात घालायचा, असला डाव कमिशनवालाच खेळणार. उद्या कारखान्याची पाळी सुटताना त्याला गाठायचं असं ठरलं. शुक्रवार उरला होता तेवढाच.

४

गजेंद्र बोरगावच्या चहाच्या टपरीवर सापडला. गोल चेहरा, खिशाला दोन पेन, आणि सगळ्या जगाने आपल्यावर अन्याय केल्याची तक्रार नेहमी तोंडावर. दामिनीने आरोप केला तेव्हा त्याने आधी चहा संपवला. मग त्याला राग आला.

“कमिशन खातो मी, हाव. लपवत नाही. अख्ख्या बोरगावले पता आहे. पण बाई, मी खातो तं पुऱ्या जेवणाचं खातो. पेन्शनचं चिल्लर काढून पीएफ ठेवून देणारा मूर्ख वाटलो का मी तुमाले? त्याच्यात मले काय भेटते?”

हे उत्तर इतकं बिनचूक होतं, की दामिनीला त्याच्यावर ओरडायला जागाच राहिली नाही. टपरीवाल्याने तिच्यापुढे न मागताच चहा ठेवला.

“मंग रविवारी दुपारभर तिथं काय करून राहिले होते तुमी?” करुणाने विचारलं.

“फोनची काच बदलाले गेल्तो. बसल्या बसल्या तुयाच विषय निघाला. मी म्हटलं, सागर, बहिणीची नोकरी लागली, चांगलं झालं. पण तिले पेन्शन काढाची असन तं आत्ताच काढा लागन. एकदा तिकडं नागपूरले लागली का मंग हे पैसे हातात येत नाही. खोटं बोललो का, वकीलबाई? नवीन नोकरी लागली का नाहीच देत हातात.”

“खरं आहे,” दामिनी म्हणाली. “हातात देत नाही. पुढं जोडते ना!”

“तेच सांगत होतो मी. पण ऐकते कोण! तो पोरगा एकदम उठला. हातातला स्क्रू खाली पडला, तो बी नाही उचलला. दोन वेळा विचारलं मले, ‘तिकडं लागली का इकडचं भेटत नाही ना?’ मी म्हटलं, नाही भेटत. मंग मायाशी बोललाच नाही. बायको डबा घेऊन आली तं डब्याले हात नाही लावला. मी निघालो संध्याकाळी, तवरीक जागचा हलला नाही तो.”

दामिनीचा चहा हातातच राहिला. “जेवाले गेला नाही? पक्कं?”

“मी काय खोटं बोलून राहिलो? भरला डबा समोर ठेवून बसला होता.”

म्हणजे सागर खोटं बोलला होता. जेवायला गेलोच होतो, दुकानात गजूभाऊ एकटेच होते, असं छातीठोक सांगितलं होतं त्याने. पण मोठा डबा सोडून लहान डबा? दामिनीने स्कूटी सुरू केली, करुणा मागे बसली, आणि पांढुर्ण्याचा रस्ता सुरू झाला. दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे मागे पळत होते आणि दामिनीच्या डोक्यात दोनच गोष्टी फिरत होत्या. पीएफ लोकांना कंपनीचा वाटतो. पेन्शन सरकारी वाटते. हा चोर सरकारी तेवढंच उचलत होता. का? आणि मोबाइलवाला नागपूरला का जात नाही?

“करुणा,” ती वाऱ्यावर ओरडली, “सागरले नागपूरचा एवढा राग काहून?”

करुणा तिच्या कानाशी वाकली.

“त्याचा नंबर लागला होता तिकडं,” करुणा म्हणाली. “डिप्लोमाले. मार्क चांगले होते त्याचे. बाबानं नवीन बॅग घेऊन देली. तिकडं गेल्यावर खिडकीवरचा माणूस म्हणे, तुयं जातीचं सर्टिफिकेट एमपीचं आहे, ते महाराष्ट्रात चालत नाही. तुयी सीट रिझर्वची, आन तुयं सर्टिफिकेट इथं चालत नाही, तं सीट बी नाही. फी भरून शिकवाची ऐपत नव्हती बाबाची. आमची आजी तिकडचीच, काटोलकडची. बोली तीच, विहार तोच, सोयरेधायरे तिकडंच. पण सर्टिफिकेट इथलं. त्याच दिवशीच्या गाडीनं वापस आला तो. पांढुर्णा आलं तरी तोंड खिडकीबाहेरच होतं म्हणे. तवापासून नागपूरचं नाव नाही काढत.”

दामिनीने करकचून ब्रेक दाबला. मागचा ट्रक शिव्या घालत बाजूने निघून गेला.

“अवं, पडलो असतो!”

“मले चोर भेटला,” दामिनी म्हणाली. या वेळी मात्र ती नाचली नाही.

५

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. प्राजक्ता दोघींकडे बघून उठली. सागरने भिंग काढून ठेवलं, जणू तो वाटच बघत होता.

“चूक मायीच, असं म्हणायले आल्या असान, दामिनीताई,” तो म्हणाला.

“नाही. मीच चुकली,” दामिनी म्हणाली. “मी पैशाचा चोर शोधून राहिली होती. आन इथं पैसा कोणाले पाहिजेच नव्हता. पैसे हवे असते तं पीएफ गेला असता. पीएफ राहिला, कारण तो बुडन असं तुले वाटलंच नाही. तो कंपनीचा. कंपनी इकडं असो का तिकडं, पैसा पैसाच. पण पेन्शन म्हणजे सरकारी काम. आन सरकारी काम तिकडं कसं चालते ते तू एकदा पाहून आला होता.”

सागरने मान खाली घातली. प्राजक्ता एकदा दामिनीकडे, एकदा सागरकडे पाहत होती.

“गजूभाऊनं सांगितलं, तिकडं लागली का पैसे हातात येत नाही. तू ऐकलं, का पेन्शन बुडते. सोमवार जवळ आला होता. फोन समोर होता. तू जेवण सोडून अर्ज केला आन मेसेज पुसले. मी विचारलं तं त्याच गजूभाऊच्या गळ्यात घातलं. पण हात लावला नाही म्हणाला, ते खरं होतं. पैसे तिच्याच खात्यात येणार होते.”

“मले काहून नाही सांगितलं?” करुणा पुढे आली. तिचा आवाज दुकानाबाहेर गेला. “बहीण आहे ना मी तुयी?”

“सांगितलं असतं तं तू भांडली असती!” सागरही उसळला. “तू म्हटलं असतं, नाही, मी जोडतो, दामिनी म्हणते जोडाची. आन तिकडं जाऊन खिडकीवर उभी राहिली असती. त्या माणसानं तुया कागद उलटापालटा केला असता आन तुले वापस केलं असतं. मी पाहिलं आहे ते, ताई. तुयी आठ वर्षं आहे ती. बोरगावच्या बसमध्ये बसून बसून कमावलेली. ती त्या खिडकीवर मरू द्याची होती का मी? म्हणून काढली. पैसे आल्यावर सांगणार होतो. मंग मारलं असतं तरी चाललं असतं.”

करुणाला त्याला मारायचंच होतं. हात उचललाही. पण तिचा हात त्याच्या डोक्यावर जाऊन तसाच राहिला, आणि मग ती रडायला लागली ती थांबेचना.

“रडाले वेळ नाही,” दामिनी स्वतःचे डोळे पुसत ओरडली. “ऑफिस बंद होऊन राहिलं!”

करुणाने काउंटरवरच चार ओळी लिहून सही केली. प्राजक्ताने फोटो काढून पाठवला. साहेबाचा उलट फोन आला तो करुणाच्या नंबरवर. तिने स्पीकर लावला.

“ये अर्जी किसने भरी थी?” साहेबाने विचारलं.

दामिनीने वकिली शहाणपणाने करुणाला डोळ्यांनी खुणावलं, म्हण, माझ्याकडूनच चुकून गेला. करुणाने तोंड उघडलं. पण त्याआधी सागरने फोन हातातून काढून घेतला.

“मैं उनका भाई बोल रहा हूँ, साहब. मैंने भरी थी. दीदी को पता नहीं था. मुझे लगा, उधर जाने के बाद पेन्शन डूब जाती है.”

प्राजक्ताने दोन्ही हातांनी काउंटर धरला होता. मग कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. अर्ज परत केला, साहेब म्हणाला. बहिणीचा पासवर्ड आजच बदला, असंही त्याने दरडावलं. नव्या कंपनीत रुजू झाल्या की जुनं खातं तिकडे जोडून घ्या. इथली आठ वर्षं तिथे जशीच्या तशी धरली जातील. देशात कुठेही.

प्राजक्ताने टाळी वाजवली. दामिनीने तिला मिठी मारली, मग करुणाला, मग गल्ल्यालासुद्धा मारली असती. आयुष्यातला पहिला खरा गुन्हा तिने सोडवला होता, आणि चोर समोर उभा होता. साऱ्या पांढुर्ण्याला ओरडून सांगावं असं तिला वाटत होतं.

सागर हसला नाही. फोन अजून त्याच्या हातात होता.

“म्हणजे ताईची आठ वर्षं तिकडं चालते?” त्याने विचारलं.

“हाव रे,” दामिनी म्हणाली. “जशीच्या तशी.”

“मंग मायं सर्टिफिकेट काहून नाही चाललं?”

दामिनीला कायदा पाठ होता. कोणत्या राज्याची यादी कोणती, कोणता निकाल काय सांगतो, सगळं तिला धडाधड म्हणता आलं असतं.

पण उत्तर करुणाने दिलं. तिने भावाच्या हातातून फोन घेतला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“चालायले पायजे होतं, सागर,” ती म्हणाली. “तुयं बी चालायले पायजे होतं.”